बिल्ला क्रमांक एकशे सतरा

अंबाजोगाईच्या सरकारी मेंढीफार्मावर तो ट्रकातून उतरला
तेव्हा वडिलांनी आधी त्याची मान पाहिली,
मग कातड्याच्या वळ्या चाचपल्या, मग म्हणाले,
"ह्ये जनावर घोंगडी पांघरूनच जन्मलंय."
रजिस्टरात जात: मेरिनो. मूळ देश: पुसटलेला शिक्का.
म्हाळाप्पा गडदे, परिचर, यांच्या तोंडी ते नाव बसेना.
ते म्हणायचे मारनू.

मी तेव्हा सातवीत.
आता कॉलेजात मध्ययुग शिकवते
आणि वडिलांचा उच्चार मूळच्या जास्त जवळ होता की काय
अशी शंका येते.

बनू मरीन. मरीनची लेकरं.
फळ्यावर 'बर्बर' लिहिलं की पोरं हसतात,
आपल्याकडे ती शिवी आहे.
ते स्वतःला अमाझिघ म्हणतात, मोकळी माणसं.
वाळवंटाच्या काठानं उंट-मेंढ्या घेऊन फिरायचे.
नांगर नाही, नाणं नाही, कुणाला सारा नाही.
उन्हाळा लागला की चाऱ्याला उत्तरेत यायचं,
दाणागोटा भरायचा, माघारी फिरायचं.
एका वर्षी आले
तर शिवारं हिरवी आणि राखणीला कुणी नाही.
त्या मुलखाचा राजा समुद्रापलीकडे फौज घालवून बसलेला.
मेंढक्यांनी मागं राहिलेल्यांना सांगावा धाडला:
पालं मोडा, कुत्री सोडा, या. इथं गवत आहे.

हे सांगितलं तेव्हा वडील कातरीला धार लावत होते.
"मग? कुणी हाकललं न्हाई?"
नाही.
"आपल्याला केजच्या पुढं दुसरी रात बसू देत न्हाईत."
आणि पुन्हा धार.

पन्नासेक वर्षांत फेज त्यांचं, मराकेश त्यांचं.
(त्याच शतकात आमच्या गावात
देवगिरीचे अंमलदार दगडावर दानं कोरून घेत होते.
ते दगड आहेत. दान कुठं गेलं कुणी विचारत नाही.)
मेंढक्यांच्या नातवंडांनी मदरसे बांधले.
एक सुलतान रात्री बोरू घेऊन बसायचा,
आपल्या हातानं कुराण उतरवून
दूरच्या पवित्र शहरांना पाठवायचा.
त्यानंच राज्य ट्युनिसपर्यंत ओढलं,
आखूड घोंगडी पायांवर ओढावी तसं.
डोकं उघडं पडलं.
रानातल्या टोळ्यांनी झोडपलं, मग पटकी नव्हे, गाठीचा ताप,
मग मुलानंच गादी घेतली.
परतीची जहाजं फुटली,
सोबतचे विद्वान पोथ्यांसकट बुडाले.
सुलतान एका खडकाला चिकटून वाचला.

पुढचं मी वर्गात भराभर उरकते:
गादीवर पोरं, पोरांमागं वजीर, वजिरामागं सुरी.
शेवटच्याला फेजच्या जमावानं मारलं.

उरलं काय?
लाकडातली नक्षी. एक दफनभूमी,
जिच्या मनोऱ्यावर करकोचे घरटी करतात.
आणि एक शब्द, जो कदाचित त्यांचा नाहीच.
स्पेनमध्ये बारीक लोकरीच्या मेंढीला मेरिनो म्हणतात
ते यांच्यावरून, असं काही जण म्हणतात.
काही म्हणतात, तो तर चराईवरच्या सरकारी माणसाचा हुद्दा.
पेपरात कुणी ठामपणे लिहिलं
तर मी अर्धा गुण कापते.

एकशे सतरानं दुसरा उन्हाळा काढला नाही.
वडील रात्रभर त्याच्यावर ओलं पोतं टाकत होते.
रजिस्टरात 'मृत' लिहून साहेब चहाला गेले.
बिल्ला वडिलांनी फार्माच्या किल्लीला अडकवला,
निवृत्तीच्या दिवशी किल्ली जमा केली,
बिल्ला काढून घेतला.

परवा लोखंडी सावरगावच्या फाट्यावर
कळप रस्ता ओलांडत होता. एसटी थांबलेली.
काळ्या दख्खनी मेंढ्यांत एक कोकरू,
मानेवर तीन वळ्या.
मी उतरून कळपामागच्या पोरीला विचारलं.
"ह्याची मान आशीच हाय. ह्येच्या मायची बी आशीच व्हती."
आणि मग, कुणी विचारलं नसताना:
"उन्हाचं लई तडफडतंय ह्ये.
सावली बगून चालतंय."